फाटकाच्या आत

गेल्या पावसाळ्यात मामा आमच्याकडे राहायला आले होते. एका संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस, वीज सुदैवाने शाबूत आणि जेवायला अवकाश, म्हणून मी 'टँजरिन्स' हा चित्रपट लावला. मामांची सगळी उमेद सैन्यात ट्रक चालवण्यात गेली. त्यामुळे पडद्यावर युद्ध आले की ते माणसांआधी वाहनांकडे पाहतात. चढावर इतका धूर का सोडतोय, गाडी अशी कोण लावतं, असे काहीतरी पुटपुटत असतात. या चित्रपटात वाहने फारशी नाहीत. एक म्हातारा सुतार आहे, त्याचे लाकडी घर आहे, शेजारच्या बागेत संत्र्याच्या जातीची फळे लगडलेली आहेत आणि घराच्या दोन खोल्यांत परस्परांच्या जिवावर उठलेले दोन जखमी सैनिक आहेत. म्हातारा त्यांपैकी एकाकडून शब्द घेतो, की माझ्या घरात तू त्याला मारणार नाहीस. तो शब्द देतो. मामा तेवढ्यात म्हणाले, "घरात नाही. बरं. आणि फाटकाबाहेर?" मी म्हटले, "मामा, पुढं बघा तर." "पुढं काय बघायचं? बाहेर तर पडावंच लागतं की," असे म्हणून ते रक्तदाबाची गोळी घ्यायला उठले आणि परत आले ते चित्रपट संपल्यावर, पाऊस थांबला का ते विचारायला.

त्या प्रश्नाने पुढे बरेच दिवस माझा पिच्छा सोडला नाही. शत्रुपक्षाचे दोन सैनिक योगायोगाने एकत्र सापडतात, आधी एकमेकांवर नेम धरतात, मग सिगारेट वाटून ओढतात आणि शेवटी खिशातून बायकोचा फोटो काढून दाखवतात, या जातीचे चित्रपट मी वर्षानुवर्षे आवडीने पाहत आले आहे. 'शत्रूही आपल्यासारखाच माणूस असतो' हा त्यांचा संदेश असतो, असे समीक्षेत लिहिले जाते. मला मात्र हळूहळू वाटू लागले आहे, की यातल्या चांगल्या चित्रपटांना हे सांगायचेच नसते. समोरचा माणूस आहे हे सैनिकाला कळत असतेच. नेम धरताना तर ते सर्वांत स्पष्ट कळत असणार. तरीही गोळी सुटते ती कशी, हा त्या चित्रपटांचा खरा विषय. आणि तो मांडण्यासाठी प्रत्येक दिग्दर्शकाला आधी एक कुंपण घालावे लागते: खड्डा, बेट, किल्ला, चौकी किंवा सुताराचे घर. कुंपणाच्या आत माणुसकी चालते. तिला बाहेर कोण पाठवतो, की कोणी पाठवतच नाही, यावर चित्रपटाची लायकी ठरते.

'टँजरिन्स' २०१३ सालचा, जॉर्जियाच्या झाझा उरुशाद्झे यांचा. काळ १९९२चा, जॉर्जियापासून वेगळे होऊ पाहणाऱ्या अबखाझियातल्या युद्धाचा. गाव एस्टोनियन वंशाच्या लोकांचे. बहुतेक जण युद्ध सुरू होताच एस्टोनियाला निघून गेलेले, मागे राहिलेत ते सुतार इवो आणि बागवान मार्गुस. फळे झाडावर सडून जाऊ नयेत एवढ्यासाठी मार्गुस थांबला आहे आणि त्याला खोकी लागतात म्हणून इवो खोकी बनवतो आहे. युद्ध दाराशी आलेले असताना दोन म्हातारे तोडणीच्या हिशेबात गुंतलेले असतात, हे मला फार खरे वाटले. आपल्याकडेही द्राक्षाचा किंवा आंब्याचा हंगाम तोंडावर असताना जगबुडी आली तरी बागायतदार आधी खोकी मोजील. घरातले दोन सैनिक म्हणजे अबखाझियाच्या बाजूने लढणारा चेचेन भाडोत्री अहमद आणि जॉर्जियन निको. अहमदचा जिवलग मित्र चकमकीत पडला आहे, त्याचा सूड त्याला निकोवर घ्यायचा आहे. चित्रपट दोघांना गळ्यात गळे घालायला लावत नाही. ते चहाच्या टेबलाशी बसतात, एकमेकांचा इतिहास किती खोटा आहे यावर भांडतात, एक जण धमकी देतो, दुसरा ब्रेडचा तुकडा तोडतो. निको आपली बिघडलेली कॅसेट दुरुस्त करत बसतो. एका प्रसंगात म्हातारे एक मोडकी गाडी उतारावरून ढकलून देतात. ती कोसळते, पण तिचा स्फोट होत नाही. सिनेमात तर होतो, असे कोणीतरी म्हणते, तेव्हा सिनेमा म्हणजे मोठी फसवणूक, असे उत्तर मिळते. मामांनी हा प्रसंग पाहायला थांबायला हवे होते.

फाटकाबाहेर काय, याचे उत्तर चित्रपट देतो, आणि ते मामांच्या अंदाजाहून फार वेगळे नाही. तिसरीच तुकडी येते, अहमदलाच जॉर्जियन समजून गोळी घालायला निघते आणि घरातून निको बंदूक उचलतो. अहमद वाचतो, मार्गुस आणि निको मरतात. इवो निकोला आपल्या मुलाच्या कबरीशेजारी पुरतो, आणि तो मुलगा जॉर्जियनांकडूनच मारला गेला होता, हे आपल्याला तेव्हा कळते. म्हणजे इतका वेळ हा म्हातारा कोणाच्या बाजूच्या सैनिकाची मलमपट्टी करत होता, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दिग्दर्शकाने ही गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवली याचे कौतुक होते. मला उलट वाटते, की ती आधी सांगितली असती तर चहाच्या टेबलाशी बसलेला इवो अधिक अवघड, अधिक मोठा दिसला असता.

मामांना १९७१च्या युद्धात एकदाही बंदूक चालवावी लागली नाही. युद्ध संपल्यावर मात्र पाकिस्तानी युद्धकैद्यांना रेल्वे स्थानकापासून छावणीपर्यंत नेण्याचे काम त्यांच्याकडे काही काळ होते. सुमारे ९३ हजार कैदी होते ते. रांची, आग्रा, जबलपूर अशा ठिकाणच्या छावण्यांतून ठेवलेले आणि पुढे १९७३-७४मध्ये वाघा सीमेवरून परत पाठवलेले. लहानपणी आम्ही मुले मामांना विचारायचो, की ते कैदी कसे होते? त्यांचे उत्तर ठरलेले असे: "दमलेले." त्याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. एकदा मात्र, कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलो असताना, विषय नसताना म्हणाले, की एक कैदी गाडीत चढताना पायरीवरून घसरला, तेव्हा मी हात दिला, आणि हात दिल्यावर सुचेना की आता सोडायचा कधी. लगेच पुढच्या वाक्यात त्यांनी मठ्ठा मागितला. या आठवणीत सिनेमा नाही. कोणी कोणाला फोटो दाखवला नाही, नाव विचारले नाही. तरीही ट्रकच्या पायरीवरचा तो अवघडलेला क्षण मला कित्येक गाजलेल्या प्रसंगांपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दोन्ही माणसांना आपण काय करतो आहोत ते नीट कळलेले नाही.

या सगळ्या चित्रपटांचे मूळपीठ म्हणजे ज्याँ रेन्वा यांचा १९३७चा 'ला ग्रांद इल्युजाँ'. रेन्वा स्वतः पहिल्या महायुद्धात पायात गोळी घेऊन नंतर टेहळणी विमानांवर गेलेले होते. ज्याँ गाबँने चित्रपटात घातलेला वैमानिकाचा डगला रेन्वांचाच होता. गोष्ट जर्मनांच्या कैदेतल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची आहे आणि तिच्यात रणांगण एकदाही दिसत नाही. किल्ल्याचा जर्मन अधिपती राउफेनश्टाइन, म्हणजे मानेला आधाराची पट्टी लावलेला, पाठीला ताठर पट्टे बांधलेला एरिक फॉन स्ट्रोहाइम, हा फ्रेंच कॅप्टन बोएल्दिअला आपला माणूस समजतो, कारण दोघेही खानदानी. ते एकमेकांशी इंग्रजीत बोलतात, त्याच उपाहारगृहांची आणि घोड्यांच्या शर्यतींची आठवण काढतात. इथे रेन्वांची नजर किती तिखट आहे ते पाहावे. शत्रूंमधला हा जिव्हाळा माणुसकीचा आहे की जातीचा? राउफेनश्टाइनला बोएल्दिअच्या शब्दावर विश्वास आहे. त्याच खोलीतल्या कारागीर मारेशालच्या किंवा ज्यू रोझेंतालच्या शब्दाला त्याच्या लेखी किंमत नाही. सीमा ओलांडून जाणारी मैत्री आतल्या आत दुसरी सीमा घालत असते. भारतात वाढलेल्या माणसाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत.

मग बोएल्दिअ आपल्या दोन सामान्य साथीदारांना पळता यावे म्हणून किल्ल्याच्या भिंतीवर चढतो, पांढरे हातमोजे घालून, बासरी वाजवत. राउफेनश्टाइन त्याला खाली येण्याची विनवणी करतो, अक्षरशः विनवणी, आणि तो येत नाही तेव्हा गोळी झाडतो. पायावर धरलेला नेम पोटात लागतो. मृत्युशय्येशी बसून तो क्षमा मागतो, तेव्हा बोएल्दिअ त्याला सांगतो, की मीही हेच केले असते. कर्तव्य ते कर्तव्य. त्या किल्ल्यात एकच फूल उगवत असते, राउफेनश्टाइनने कुंडीत जपलेले जिरेनियम. मित्र गेल्यावर तो ते कात्रीने कापतो. मी हा प्रसंग जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला त्याचा राग आला आहे. इतके हळुवारपणे फूल कापणाऱ्या हाताला बंदूक खाली ठेवता आली नाही? पण रागाचा रोख कुठे असावा हेही मला नीट ठरवता येत नाही, कारण रेन्वा एकाही माणसाला दुष्ट करत नाहीत. दुष्ट माणूस हाताशी असता तर आपली सुटका झाली असती.

चित्रपटाचे सर्वांत मोठे वाक्य एका शेतकरी बाईच्या तोंडी आहे. पळालेले दोघे जर्मन विधवा एल्साच्या घरी आसरा घेतात. ती भिंतीवरचे फोटो दाखवते: नवरा व्हर्दनला गेला, भाऊ लिएज, शार्लरुआ आणि टॅननबर्गला. आमचे सर्वांत मोठे विजय, असे म्हणून ती जेवणाच्या टेबलाकडे बोट दाखवते आणि म्हणते, की आता हे टेबल फार मोठे झाले आहे. टेबलावर तिची लहान मुलगी एकटी बसलेली असते. शत्रुसैनिकांच्या बंधुभावावर निघालेल्या बहुतेक चित्रपटांत बायका खिशातल्या फोटोपुरत्या असतात. रेन्वांनी त्या फोटोला घर दिले, गोठा दिला, फ्रेंच माणसाच्या हातून चारा खाणारी गाय दिली. त्या गाईला चारा घालता घालता मारेशाल तिच्याशी गप्पा मारतो, आणि माणसांच्या सरहद्दी तिला कळत नाहीत हे त्याला फार आवडते.

गोबेल्सने हा चित्रपट आपला क्रमांक एकचा चित्रपटीय शत्रू ठरवला होता. पॅरिस पडल्यावर जर्मनांनी मूळ निगेटिव्ह उचलून बर्लिनच्या संग्रहात नेले, तिथून ते रशियनांच्या हाती लागून मॉस्कोला गेले आणि बऱ्याच वर्षांनी संग्रहालयांमधल्या देवघेवीत फ्रान्समध्ये, तुलूजला, परत आले. ते मूळ निगेटिव्ह आहे हे तिथेही पुष्कळ काळ कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शत्रूच्या चित्रपटाचा द्वेष करणाऱ्यांनी तो जाळला नाही, नोंद करून कपाटात ठेवला, यातली विसंगती रेन्वांना आवडली असती.

फ्रान्समधल्या खड्ड्याकडे वळायचे तर त्याआधीचा, १९३०चा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पाहावा लागतो. तोफगोळ्याने पडलेल्या विवरात जर्मन पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो, आणि मग पॉलला सगळी रात्र त्याच्याच शेजारी काढावी लागते. तो मरता मरत नाही. पॉल त्याला पाणी पाजतो, माफी मागतो, घरच्यांना पत्र लिहीन म्हणतो. मरणाऱ्याची भूमिका रेमंड ग्रिफिथ या मूकपटांच्या जमान्यातल्या विनोदी नटाने केली. त्याचा आवाज गेलेला होता आणि बोलपट आल्यावर त्याची कारकीर्द संपत आली होती. त्याच्या चेहऱ्यावर एक अर्धवट हसू तरळत राहते, आणि ते अभिनयाचे आहे की नुसते ओठ उघडे राहिल्यामुळे तसे दिसते, हे शेवटपर्यंत कळत नाही. पॉल झालेला ल्यू एअर्स पुढे दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणाऱ्यांत सामील झाला, त्यासाठी लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि वैद्यकीय पथकात काम केले. बर्लिनमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा नाझींनी थिएटरात उंदीर सोडले होते. एखादी कलाकृती कोणाला झोंबते हे कधी कधी उंदरांवरून कळते.

१९१४च्या नाताळातल्या तहावरचा 'ज्वाये नोएल' मात्र मला फार गोड वाटतो. क्रिस्तियाँ कारिओं यांनी २००५ साली तो केला. खंदकात ऑपेराची गायिका येते, बॅगपाइप जर्मन भजनाला साथ देतात, एका मांजराला दोन्ही बाजू दोन नावांनी हाका मारतात. घडलेले सत्य इतके नटवण्याची गरज नव्हती. त्या नाताळात आघाडीच्या काही भागांत सैनिक खरोखरच खंदकांबाहेर आले होते, प्रेते पुरली होती, तंबाखूची आणि बटणांची देवघेव केली होती. आणि त्यांत आपल्या ३९व्या गढवाल रायफल्सचे लोकही होते, ही गोष्ट युरोपीय चित्रपटांना आठवत नाही. हिमालयातल्या एका खेड्यातला माणूस फ्रान्सच्या थंडगार चिखलात उभा आहे, समोरून जर्मन सैनिक ख्रिस्तजन्माच्या शुभेच्छा द्यायला येतो आहे, आणि या दोघांमध्ये ना धर्म समान ना भाषा, ना ऑपेरा. तरी हातात सिगार येतो. हा चित्रपट कोणीतरी करायला हवा होता. कारिओंच्या चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र मी मानते. पत्रे पकडली जातात, तुकड्या मोडल्या जातात, पाद्र्याला परत पाठवले जाते आणि जर्मनांना बंद डब्यांतून पूर्व आघाडीवर रवाना केले जाते. वरिष्ठांना शत्रूच्या तोफांपेक्षा त्याच्या सिगारची भीती जास्त वाटली, हे त्याने ओळखले आहे. पुढच्या वर्षीच्या नाताळासाठी असे काही होऊ नये म्हणून सक्त हुकूम निघाले, हाही इतिहास आहे.

हुकूमच नसेल तर काय होईल, हा प्रश्न जॉन बूरमन यांनी १९६८च्या 'हेल इन द पॅसिफिक'मध्ये विचारला. एक निर्जन बेट, एक अमेरिकी, एक जपानी. ली मार्विन आणि तोशिरो मिफुने. मार्विन खरोखरच अमेरिकी मरीन म्हणून पॅसिफिकमध्ये लढला होता आणि १९४४मध्ये सायपान बेटावर जखमी झाला होता. मिफुने जपानी सैन्यात हवाई छायाचित्रांच्या विभागात होता. चोवीस वर्षांनी ही दोन माणसे पलाऊच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्यासमोर पिण्याच्या पाण्यासाठी झटापट करत होती. चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीत. जे आहेत ते एकाला दुसऱ्याचे कळत नाहीत. पावसाचा पानांवरचा आवाज, ओंडके बांधताना वेलीचा करकरणारा ताण, भाजक्या वाळूवरचे अनवाणी पाय, एवढ्यावर तो चालतो. आधी जपानी अमेरिकीला बांधून ठेवतो, मग अमेरिकी जपान्याला, मग दोघांनाही या उद्योगाचा कंटाळा येतो. कंटाळ्यातून सुरू झालेली मैत्री मी दुसऱ्या कुठल्या युद्धपटात पाहिलेली नाही, आणि ती मला पटते. दोघे तराफा बांधून दुसऱ्या बेटावर पोचतात, उद्ध्वस्त लष्करी तळ सापडतो, दाढ्या होतात, साके प्यायली जाते. मग एक जुने 'लाइफ' मासिक उघडते आणि त्यात जपानी मृतांचे फोटो असतात. कपडे आले, दारू आली, छापील कागद आला, आणि युद्ध परत आले. बूरमनच्या मनात दोघे नुसतेच आपापल्या वाटेने निघून जातात असा शेवट होता. प्रदर्शित प्रतीत मात्र आकाशातून बॉम्ब पडतो आणि सगळे उडते. निर्मात्यांना स्फोट हवा होता. जॉर्जियातल्या म्हाताऱ्यांची ती न फुटलेली गाडी मला इथे आठवते.

पार्क चान-वूक यांच्या २०००च्या 'जॉइंट सिक्युरिटी एरिया'त कुंपण म्हणजे दोन कोरियांमधल्या पानमुनजोमच्या सरहद्दीवरची उत्तर कोरियाची चौकी. दक्षिणेचा सार्जंट रात्री चोरून तिथे जातो, कारण सुरुंगावर पाय पडलेला असताना उत्तरेच्या दोघांनी त्याला वाचवले होते. चार पोरे चौकीत खेळ खेळतात, एकमेकांना चिडवतात. दक्षिणेचा सार्जंट 'चोको पाय' ही चॉकलेटची मिठाई आणतो, उत्तरेचा ती अख्खी तोंडात कोंबतो; तुला हवी तेवढी खायला मिळेल, येतोस का आमच्याकडे, असे विचारल्यावर तो ती तोंडातून काढून तळहातावर घेतो, शांतपणे सांगतो, की आमचा देश एक दिवस याहून चांगली बनवील, आणि परत तोंडात टाकतो. देशप्रेम आणि लाळ एकाच हातावर. यानंतर जे होते ते रक्ताळलेले आहे, आणि ते कोणी वाईट असल्यामुळे होत नाही. दार अचानक उघडते म्हणून होते.

या चित्रपटातली तपास अधिकारी स्विस आहे आणि तिचे वडील दोन्ही कोरियांना नकार देणाऱ्या युद्धकैद्यांपैकी एक होते, असे पुढे उघड होते. हा धागा आपल्याशी जोडलेला आहे. १९५३मध्ये मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो कैद्यांवर देखरेख ठेवण्यासाठी भारताने कोरियात जे दल पाठवले त्याचे नेतृत्व कोल्हापूरकडच्या जनरल एस. पी. पी. थोरातांकडे होते. दोन्ही बाजू नाकारणारे ८८ कैदी १९५४मध्ये भारतात आले. कोणत्याही बाजूचे नसलेले सैनिक पहारा देत आहेत आणि आपली बाजूच नको म्हणणारे सैनिक आत आहेत: युद्धाच्या इतिहासात असे दृश्य क्वचित दिसते, आणि मराठीत त्यावर अजून एक नाटकही झालेले माझ्या पाहण्यात नाही.

कुंपण अजिबातच टिकणार नाही, असे म्हणणारा चित्रपट बोस्नियाच्या दानिस तानोविचने केला, २००१ साली. नाव 'नो मॅन्स लँड'. त्याची एक ओळख मराठी प्रेक्षकाला कायमची आहे: २००२ साली 'लगान'चे ऑस्कर ज्याने नेले तो हाच. त्या सकाळी आम्ही सगळेच हळहळलो होतो आणि हा कोणता बोस्निया, असे तावातावाने विचारत होतो. पुढे तो पाहिला आणि तक्रार मागे घ्यावी लागली. दोन आघाड्यांच्या मधल्या खंदकात एक बोस्नियाक, एक सर्ब आणि पाठीखाली सुरुंग ठेवलेला तिसरा. तो हलला की सगळे उडणार. युद्ध कोणी सुरू केले यावर वाद होतो, तेव्हा ज्याच्या हातात बंदूक असते तो दुसऱ्याकडून वदवून घेतो, की आम्हीच सुरू केले. बंदूक हातची निसटते, आणि उत्तर बदलते. मग कळते, की बान्या लुकातली एक मुलगी दोघांच्याही ओळखीची आहे. दोघे क्षणभर हसतात. इतर कुठल्याही चित्रपटात हा क्षण सगळे सावरून गेला असता. इथे त्याने काहीच सावरत नाही. अर्ध्या तासात दोघेही मेलेले असतात, आणि संयुक्त राष्ट्रांचे लोक पत्रकारांना घेऊन निघून जातात.

आपल्याकडच्या युद्धपटांत शत्रू बहुधा ओरडत येतो आणि ओरडतच पडतो. थिएटरात शिट्ट्या वाजतात. मीही त्या गर्दीत बसलेली आहे आणि अंगावर काटा आलेला आहे, तो नाकारून उगीच शहाणपण मिरवायचे नाही. पण आपल्या सैन्यांच्या खऱ्या आठवणी या चित्रपटांपेक्षा कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत. १९९९मध्ये टायगर हिलवर लढताना पडलेल्या पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेर खानच्या ('कर्नल' हे त्याच्या नावातलेच) खिशात भारतीय ब्रिगेडियर बाजवांनी चिठ्ठी ठेवून पाठवली, की हा शौर्याने लढला. त्याला पुढे निशान-ए-हैदर हा पाकिस्तानचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. शत्रूचा असा गौरव मेल्यानंतर करता येतो, कारण मेलेला माणूस फाटकाबाहेर पडत नाही. जिवंतपणी समोरासमोर बसणे अधिक अवघड.

ते एकदा घडले. पुण्यात जन्मलेला, पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत, पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन, एकविसाव्या वर्षी मारला गेला. त्याला परमवीरचक्र मिळाले. तीस वर्षांनी, २००१मध्ये, त्याचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले, तेव्हा लाहोरला त्यांचा पाहुणचार केला तो ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासर यांनी. घरातल्या सगळ्यांनी या वृद्धाची इतकी सरबराई केली, की त्यांना त्याचे नवल वाटत राहिले. परतण्याच्या आदल्या रात्री नासर यांनी सांगितले, की त्या दिवशी तुमच्या मुलाच्या समोरच्या रणगाड्यात मी होतो, तो माझ्या हातून गेला. हिंदी सिनेमानेही या कथेला हात घातला आहे, आणि तसा तो घालणारच होता; एवढी सिद्ध पटकथा कोण सोडील?

मला त्या रात्रीपेक्षा नंतरच्या एका कागदाचे जास्त वाटते. नासर यांनी पुढे खेत्रपालांना एक फोटो पाठवला आणि त्यावर लिहिले, की १३ लान्सर्सच्या प्रतिहल्ल्यात विजय आणि अपयश यांच्या मध्ये जो अभेद्य खडकासारखा उभा राहिला, त्या शहीद अरुणच्या वडिलांना. यात क्षमायाचना नाही, हळवेपणा नाही. आपली पलटण, आपला हल्ला, आपले अपयश, सगळे नावानिशी आहे, आणि ते अपयश ज्याच्यामुळे पदरी आले त्याचे माप पलटणीच्याच भाषेत काढलेले आहे. एखाद्या पटकथाकाराने हे संवादात लिहिले असते तर मी त्याला कोरडा म्हटले असते. मुलाला मारणाऱ्याने बापाला लिहिलेले असल्यामुळे त्यातला प्रत्येक शब्द दोघांनाही नीट वाचता येत होता.